पत आणि पेठ



व्यापारी पेठेत ‘पत’ या शब्दाला फार मोल आहे. पूर्वी एखाद्या पेढीची हुंडी शेकडो कोस दूरच्या गावी वटत असे, ती कागदाच्या किमतीमुळे नव्हे. त्या पेढीने पिढ्यान्‌पिढ्या दिलेला शब्द पाळला आहे, हे दूरच्या गावालाही ठाऊक असे. पेढीची पत घराण्यातील प्रत्येकाच्या उपयोगी पडे आणि घराण्यातील एकाने केलेली लबाडी सर्वांच्या पतीला बट्टा लावून जाई.

राष्ट्रांच्या व्यापाराचे वर्तमान याहून फार निराळे नाही. परदेशातील बंदरात माल उतरतो तेव्हा तेथील ग्राहकाला तो बनवणाऱ्या कारखान्याचे नाव बहुधा ठाऊक नसते. कारागिराचा चेहरा तर त्याने कधीच पाहिलेला नसतो. त्याला दिसते ते खोक्यावर छापलेले देशाचे नाव. त्या नावाविषयी त्याच्या मनात जे काही साठलेले असते, त्यावर खोके उघडायचे की बाजूला सारायचे हे ठरते. १९६५ साली रॉबर्ट स्कूलर या अमेरिकी अभ्यासकाने ग्वाटेमालातील विद्यार्थ्यांपुढे एकच वस्तू निरनिराळ्या देशांची नावे लावून ठेवली आणि तिच्याविषयी मते मागवली. वस्तू तीच होती, पण देशाचे नाव बदलताच मत बदलले.

पुढे बर्कले येथील अर्थशास्त्रज्ञ अँड्र्यू रोझ यांनी या गोष्टीचे मोजमाप केले. कोणत्या देशाचा जगावरील प्रभाव चांगला वाटतो आणि कोणाचा वाईट, अशा जनमत पाहण्या बीबीसीसाठी अनेक देशांत होत असत. त्या पाहण्यांतील मते आणि व्यापाराचे आकडे त्यांनी एकत्र अभ्यासले. अंतर, लोकसंख्या, संपत्ती यांसारख्या गोष्टींचा परिणाम वेगळा काढल्यावर निष्कर्ष असा निघाला की, एखाद्या देशाविषयीचे अनुकूल मत निव्वळ १ टक्क्याने वाढले, तर त्या देशाची निर्यात सुमारे ०.८ टक्क्याने वाढते. पत ही केवळ मानाची गोष्ट नाही, तिला बाजारभावही आहे, हे या अभ्यासातून दिसते.

तेव्हा प्रश्न उरतो तो एवढाच की, राष्ट्राची ही पत बनते कशी? जाहिरातीने, महोत्सवांनी, नेत्यांच्या दौऱ्यांनी? की आणखी कशाने?

जर्मनी : लाजेच्या शिक्क्याचे मानचिन्ह

‘मेड इन जर्मनी’ हे शब्द आज उत्तम अभियांत्रिकीची ग्वाही मानले जातात. परंतु त्यांचा जन्म जर्मनीच्या गौरवासाठी झालेला नाही. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात जर्मन कारखानदार इंग्रजी मालाच्या नकला करून त्या स्वस्तात विकत. झोलिंगेनच्या चाकू-सुऱ्यांवर शेफील्डची नावे कोरलेली असत. १८७६ साली अमेरिकेतील फिलाडेल्फिया येथे भरलेल्या जागतिक प्रदर्शनात जर्मनीचे प्रतिनिधी म्हणून गेलेले अभियंते फ्रान्झ रॉलो यांनी आपल्याच देशाच्या मालाचे वर्णन ‘स्वस्त आणि वाईट’ असे करून मायदेशी कळवले. जर्मनीत त्यावर मोठा गदारोळ उठला. देशाची बदनामी केली म्हणून त्यांच्यावर टीकाही झाली.

१८८७ साली ब्रिटिश संसदेने व्यापारचिन्हांविषयीचा कायदा केला. फसव्या खुणा लावून येणाऱ्या परदेशी मालावर मूळ देशाचे नाव आले पाहिजे, असा त्याचा रोख होता. इंग्रज ग्राहकाने ‘जर्मनी’ हे नाव वाचावे आणि वस्तू परत ठेवावी, ही त्यामागील अपेक्षा. घडले मात्र उलटे. जर्मनीतील तांत्रिक शाळा, विद्यापीठांतील रसायनशास्त्राच्या प्रयोगशाळा, कारागिरांची कडक उमेदवारी यांतून मालाची प्रत झपाट्याने सुधारत होती. ग्राहकाने खोके उघडले, वस्तू वापरली आणि पुढच्या वेळी तेच नाव शोधत तो दुकानात आला. १८९६ मध्ये लंडनमध्ये ‘मेड इन जर्मनी’ याच नावाचे पुस्तक प्रसिद्ध झाले. त्याचे लेखक अर्नेस्ट विल्यम्स इंग्रज वाचकांना घरातील किती वस्तू जर्मन आहेत, हे चिंतेने मोजून दाखवत होते. लाज आणण्यासाठी लावलेला शिक्का अवघ्या दहा वर्षांत प्रतिस्पर्ध्याच्या काळजीचा विषय झाला होता.

रॉलो यांनी स्वदेशाचा अवमान केला की स्वदेशाची सेवा, याचे उत्तर इतिहासाने दिले आहे.

सव्वाशे वर्षांत कमावलेल्या या पतीला धक्का कसा बसतो, तेही जगाने पाहिले. सप्टेंबर २०१५ मध्ये फोक्सवॅगन कंपनीने डिझेल मोटारींच्या धूरचाचणीत फसवणूक केल्याचे अमेरिकेत उघड झाले. लबाडी एका कंपनीची होती. परंतु अर्थशास्त्रज्ञांनी तेथील विक्रीचे आकडे तपासले तेव्हा इतर जर्मन कंपन्यांच्या मोटारींनाही त्या प्रकरणाची झळ बसल्याचे आढळले. घराण्याचे नाव एक असले की हिशेबही सामाईक होतो.

जपान : आधी घरचा ग्राहक

दुसऱ्या महायुद्धानंतरच्या जपानची गोष्ट भारताला अधिक जवळची आहे, कारण तेव्हा तो देश पराभूत, भुकेलेला आणि भांडवलाला पारखा झालेला होता. जपानी माल म्हणजे पत्र्याची खेळणी आणि दोन दिवसांत मोडणाऱ्या वस्तू, अशी पाश्चात्त्य बाजारात ख्याती होती. सोनी कंपनीचे एक संस्थापक अकिओ मोरिता यांनी आत्मचरित्रात प्रांजळपणे लिहून ठेवले आहे की, सुरुवातीच्या काळात ‘मेड इन जपान’ ही अक्षरे मालावर शक्य तितकी बारीक छापली जात. एकदा तर अमेरिकी जकात अधिकाऱ्यांनी ती मोठी करायला लावली. पुढे १९८६ साली त्याच मोरितांनी आत्मचरित्राला नाव दिले तेही ‘मेड इन जपान’.

या दोन टोकांमध्ये जपानने काय केले? १९४९ मध्ये औद्योगिक प्रमाणीकरणाचा कायदा करून मालाला राष्ट्रीय मानकाची खूण दिली. १९५० साली तेथील शास्त्रज्ञ-अभियंत्यांच्या संघटनेने अमेरिकी संख्याशास्त्रज्ञ एडवर्ड्स डेमिंग यांना बोलावले आणि कारखान्यांच्या प्रमुखांना त्यांच्यासमोर विद्यार्थी म्हणून बसवले. लगेच १९५१ पासून डेमिंग यांच्याच नावे गुणवत्तेचे पारितोषिक सुरू झाले. जेत्या राष्ट्राच्या माणसाकडून शिकण्यात त्यांना कमीपणा वाटला नाही. १९५४ मध्ये कॅमेऱ्यांच्या तपासणीसाठी स्वतंत्र संस्था निघाली. तपासणीत उतरलेल्या कॅमेऱ्यावर ‘उत्तीर्ण’ अशा अर्थाची सोनेरी, लंबगोल चिकटपट्टी लागे. जुन्या कॅमेऱ्यांवर ती आजही पाहायला मिळते. १९५७ मध्ये निर्यात तपासणीचा कायदा झाला आणि ठरावीक वस्तू तपासणीविना बंदराबाहेर जाईनाशा झाल्या. १९६२ पासून कारखान्यांतील कामगारांची गुणवत्ता मंडळे सुरू झाली. १९६४ साली टोकियोत ऑलिंपिक भरले आणि त्याच ऑक्टोबरमध्ये शिन्कान्सेन धावू लागली, तेव्हा जगाने नव्या जपानचे कौतुक केले. परंतु त्या कौतुकामागे दीड दशकाची मुकाट मेहनत होती. १९९७ मध्ये तो निर्यात तपासणीचा कायदाच रद्द करण्यात आला, कारण त्याची गरज उरली नव्हती.

येथे एक गोष्ट बारकाईने पाहण्यासारखी आहे. असा कायदा भारतानेही फार मागे न राहता केला. निर्यातीची गुणवत्ता व तपासणी यांविषयीचा भारताचा कायदा १९६३ चा आहे आणि निर्यात तपासणी परिषद १९६४ पासून काम करते आहे. मग फरक कुठे पडला? जपानच्या मानकाची खूण घरच्या बाजारातील मालावरही होती. तेथील गृहिणी आणि दुकानदार हे अत्यंत चोखंदळ ग्राहक होते आणि कारखान्याची परीक्षा प्रथम त्यांच्यासमोर होई. घरच्या परीक्षेत उतरलेला मालच जहाजावर चढला. आपल्याकडे मात्र परदेशात जाणाऱ्या मालासाठी एक मोजमाप आणि घरी विकायच्या मालासाठी दुसरे, ही सवय जडली.

मोहिनी दार उघडते, पुढे मालच बोलतो

कोणी म्हणेल, दक्षिण कोरियाने तर गाण्यांनी आणि मालिकांनी जग जिंकले. हे अर्धेच खरे आहे. ह्युंदाईने १९८६ मध्ये अमेरिकेत पहिली मोटार नेली. ती स्वस्त म्हणून खपली आणि काही वर्षांतच तिच्या दर्जावर विनोद होऊ लागले. कंपनीने जाहिरातीवरचा खर्च वाढवून हा डाग झाकण्यापेक्षा माल सुधारला आणि १९९८ मध्ये इंजिन व गिअरसंचासाठी १० वर्षे किंवा १ लाख मैलांची हमी जाहीर केली. जो स्वतःच्या मालावर एवढा पैसा पणाला लावतो, त्याच्यावर ग्राहकही हळूहळू विश्वास टाकतो. कोरियन मालिकांनी जपानमध्ये धुमाकूळ घातला तो २००३ नंतर, ‘गंगनम स्टाइल’ जगभर पोहोचले ते २०१२ मध्ये आणि ‘पॅरासाइट’ला ऑस्कर मिळाले ते २०२० मध्ये. या कलाकृतींनी कोरियाच्या सौंदर्यप्रसाधनांना आणि खाद्यपदार्थांना नवे ग्राहक मिळवून दिले हे खरे, परंतु त्यांच्या आधी कोरियाचे दूरचित्रवाणी संच, जहाजे आणि मोटारी जगाच्या विश्वासास पात्र ठरल्या होत्या.

भारताजवळ मोहिनी कमी नाही. ११ डिसेंबर २०१४ रोजी संयुक्त राष्ट्रांच्या महासभेने २१ जून हा आंतरराष्ट्रीय योगदिन म्हणून स्वीकारला, तेव्हा त्या ठरावाला १७७ देशांचे सहप्रायोजकत्व होते. योग, आयुर्वेद, भारतीय चित्रपट, भारतीय भोजन यांमुळे जगाच्या मनात भारताविषयी आपुलकी आहे. परंतु योगदिनी जगभर ज्या चटया अंथरल्या जातात, त्यांच्या मागे कोणत्या देशाचे नाव असते, हेही कधी पाहावे. आपुलकीला मालाची जोड नसेल, तर मान भारताला आणि मोबदला दुसऱ्याला, अशी विभागणी होते.

हापूस आणि द्राक्षे

महाराष्ट्राला याचा अनुभव हापूसने दिला आहे. कोयकिड्याच्या भीतीमुळे अमेरिकेची बाजारपेठ भारतीय आंब्याला सुमारे १८ वर्षे बंद होती. २००७ साली ती उघडली, ती विकिरण प्रक्रियेमुळे. भाभा अणु संशोधन केंद्राने लासलगावला उभारलेल्या केंद्राचा त्यात मोठा वाटा होता. पण २०१४ च्या मोसमात युरोपीय संघाने १ मेपासून भारतीय आंबा आणि चार भाज्या यांच्या आयातीवर बंदी घातली. आदल्या वर्षी तेथे पोहोचलेल्या भारतीय फळे-भाज्यांच्या २०७ खेपांत फळमाशीसारख्या किडी सापडल्या होत्या.

रत्नागिरी-देवगडच्या ज्या बागायतदाराने मोहोर जपला, फळ डागाविना उतरवले, अढीत निगुतीने पिकवले, त्याचा त्या २०७ खेपांशी काही संबंध असेलच असे नाही. परंतु लंडनच्या व्यापाऱ्याच्या वहीत ‘भारत’ एवढीच नोंद होती. एका नासक्या आंब्यामुळे अढी नासते, ही म्हण कोकणातच नव्हे, तर युरोपच्या जकात नाक्यावरही खरी ठरली. ऐन मोसमातील ती बंदी उठण्यास जानेवारी २०१५ उजाडावा लागला. मध्यंतरी पॅकिंग केंद्रांची तपासणी कडक झाली आणि उष्णजल प्रक्रियेची व्यवस्था उभी राहिली, म्हणून ती उठली.

नाशिकच्या द्राक्षांची कथा अधिक बोधप्रद आहे. २०१० साली युरोपात गेलेल्या द्राक्षांत क्लोरमेक्वाट, म्हणजे शेतकरी ज्याला लिहोसिन म्हणून ओळखतात त्या वाढनियंत्रकाचे अंश मर्यादेपेक्षा अधिक आढळले. खेपा नाकारल्या गेल्या आणि अनेक निर्यातदार व बागायतदार मोठ्या नुकसानीत आले. पण द्राक्षाच्या बाबतीत २००६ पासून ‘ग्रेपनेट’ ही व्यवस्था उभी होती. तिच्यात प्रत्येक निर्यातक्षम बागेची नोंदणी असते, बागेतील नमुना प्रयोगशाळेत तपासला जातो आणि परदेशातील खोक्यावरून थेट बागेपर्यंत माग काढता येतो. लिहोसिनची तपासणी त्या यादीत घालण्यात आली, बागायतदार सावध झाले आणि द्राक्षांनी युरोपातील आपले स्थान पुन्हा मिळवले. चूक कोणाच्या बागेतून आली हे सांगता आले, तर सगळ्या नाशिकला आरोपीच्या पिंजऱ्यात उभे राहावे लागत नाही. दोष लपवण्यापेक्षा तो शोधण्याची यंत्रणा पतीचे रक्षण अधिक चांगले करते.

औषधाच्या बाटलीवरील देशाचे नाव

आंबा-द्राक्षांत पैसा जातो, औषधांत प्राण जातात. म्हणून भारताच्या पतीची सर्वांत कठोर कसोटी औषधांच्या क्षेत्रात आहे.

२००१ च्या फेब्रुवारीत मुंबईच्या सिप्ला कंपनीचे डॉ. युसुफ हमीद यांनी एड्सवरील तीन औषधांचे एकत्रित उपचार रुग्णामागे वर्षाला ३५० डॉलरमध्ये, म्हणजे दिवसाला एका डॉलरहूनही कमी दरात, देण्याची तयारी जाहीर केली. पाश्चात्त्य कंपन्यांच्या त्याच उपचारांना तेव्हा वर्षाला १० हजार डॉलरहून अधिक खर्च येत असे. आफ्रिकेत लक्षावधी माणसे मरत होती आणि औषध असूनही परवडत नव्हते. भारतीय औषधांमुळे त्यांतील असंख्य लोक जगले. आफ्रिकेच्या खेड्यांतील दवाखान्यांत भारताचे नाव तेव्हा ज्या आदराने घेतले गेले, तो कोणत्याही जाहिरातीने विकत घेता आला नसता. २०२४-२५ मध्ये भारताची औषध निर्यात ३० अब्ज डॉलरपलीकडे गेली, त्यामागे अशा कमाईचाही वाटा आहे.

त्याच आफ्रिकेतील गांबिया या चिमुकल्या देशात २०२२ मध्ये मूत्रपिंडे निकामी होऊन सुमारे ७० बालके दगावली. जागतिक आरोग्य संघटनेने ५ ऑक्टोबर २०२२ रोजी भारतात बनलेल्या चार सिरपांविषयी इशारा दिला. त्यांत डायएथिलीन ग्लायकोल व एथिलीन ग्लायकोल हे विषारी द्रव आढळल्याचे संघटनेने म्हटले. भारतात राखून ठेवलेले नमुने तपासणीत निर्दोष आढळल्याचे भारत सरकारने कळवले आणि कंपनीनेही आरोप नाकारला. डिसेंबरमध्ये उझबेकिस्तानातून दुसऱ्या एका कंपनीच्या सिरपाविषयी तशीच तक्रार आली. अखेर १ जून २०२३ पासून खोकल्याच्या सिरपांची शासनमान्य प्रयोगशाळेत तपासणी झाल्याखेरीज निर्यात करू नये, असा नियम झाला.

नियम योग्यच होता. परंतु तो निर्यातीपुरता होता. ऑक्टोबर २०२५ मध्ये मध्य प्रदेशातील छिंदवाडा भागात खोकल्याच्या सिरपामुळे २० हून अधिक बालकांचा मृत्यू झाल्याचे उघड झाले. तामिळनाडूत बनलेल्या त्या औषधाच्या नमुन्यात डायएथिलीन ग्लायकोलचे प्रमाण ४८ टक्क्यांहून अधिक निघाले. मान्य मर्यादा आहे ०.१ टक्का. हे विष भारताला नवे नव्हते. १९८६ च्या जानेवारीत मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात औषधी ग्लिसरीनऐवजी औद्योगिक वापराचे भेसळयुक्त द्रव्य दिले गेल्याने १४ रुग्ण मरण पावले होते. न्यायमूर्ती लेंटिन आयोगाने त्याची चौकशी करून औषध प्रशासनाच्या कारभारावर कठोर ताशेरे ओढले होते. मुंबईच्या त्या १४ मृत्यूंचा धडा देशाने नीट गिरवला असता, तर चार दशकांनंतर छिंदवाड्याच्या मातांवर ती वेळ आली नसती.

‘एक्स्पोर्ट क्वालिटी’ या शब्दाचा अर्थ

आपल्या बाजारात ‘एक्स्पोर्ट क्वालिटी’ हा शब्द मोठ्या कौतुकाने वापरला जातो. दुकानदार तो अभिमानाने सांगतो आणि ग्राहक सुखावून दोन पैसे अधिक मोजतो. त्या शब्दाचा खरा अर्थ मात्र असा की, चांगला माल परक्यांसाठी असतो आणि घरच्या माणसाला उरलेसुरले चालते. आपल्याच देशबांधवांचा याहून मोठा अपमान कोणता? ज्या कारखान्यात दोन मोजमापे असतात, तेथील कामगाराचा हात निष्काळजीपणाला सरावतो आणि सरावलेला हात निर्यातीच्या दिवशी एकाएकी बदलत नाही. घरच्या बालकासाठी न तपासलेले औषध बनवणारी व्यवस्था परक्या बालकासाठी निर्दोष औषध बनवील, ही अपेक्षाच खोटी आहे.

म्हणून राष्ट्राच्या जगातील प्रतिमेचे काम राजदूतांवर किंवा प्रदर्शनांच्या मंडपांवर सोडून भागत नाही. ते गावातील अन्न व औषध निरीक्षकाच्या रिकाम्या जागेपासून सुरू होते. दोषी नमुन्याचा अहवाल महिनोन्‌महिने पडून राहतो तेथे ते अडते. लबाडी करणाऱ्या सभासदाला पाठीशी न घालता बाहेर काढणाऱ्या व्यापारी संघटनेत ते पुढे जाते. आणि ते घराघरांतही होते. वजन कमी भरले तर विचारणारी, मुदत उलटलेले पाकीट परत करणारी, पावतीचा आग्रह धरणारी गृहिणी हीदेखील देशाच्या निर्यातीची राखणदार असते. जपानच्या गृहिणीने हेच केले होते.

दोष दाखवणाऱ्याला देशाचा निंदक ठरवण्याची घाईही करू नये. जर्मनीने रॉलो यांच्यावर राग काढला, पण त्यांचे म्हणणे मनावर घेतले. प्रतिमेला जपायचे म्हणून दोष झाकला, तर तो परदेशी प्रयोगशाळा उघडा पाडते आणि तेव्हा बदनामी दुप्पट होते. तोच दोष घरी शोधून घरी निस्तरला, तर जग त्या देशावर अधिक विश्वास ठेवते. थेंबाने गेलेली हौदाने येत नाही, असे आपले वाडवडील सांगत आले. तो थेंब कोणत्या कारखान्यातून, कोणत्या बागेतून, कोणत्या बाटलीतून जाईल हे आधी सांगता येत नाही. म्हणून राखण सगळीकडेच हवी.

ज्या दिवशी भारतातील दुकानदार ‘एक्स्पोर्ट क्वालिटी’ असे म्हणेल आणि ग्राहकाला त्या शब्दाचा अर्थच कळणार नाही, कारण त्याने दुसऱ्या प्रतीचा माल कधी पाहिलेलाच नसेल, त्या दिवशी भारताच्या मालाला परदेशात वेगळ्या शिफारशीची गरज उरणार नाही. खोक्यावरचे देशाचे नाव तेवढे पुरेल.